पहिला का दुसरा

लाइट गेली की आमच्या गल्लीत दोन गोष्टी एकापाठोपाठ घडत. आधी यंत्रमाग बंद पडत, आणि मग खालून घरमालकांची हाक येई, "बाई, येता का? दोन मिनिटं बसायचं हाये."

बसायचं म्हणजे गाडीत बसायचं. ड्रायव्हरच्या सीटवर, दार लावून, हात मांडीवर ठेवून. गाडी कुठे जायची नसे, आणि मला तेव्हा चालवताही येत नव्हती. नुसतं बसायचं, गाणं ऐकायचं आणि विचारलं की सांगायचं.

त्यांना सगळे भाऊ म्हणत. वीस-बावीस वर्षं त्यांनी यंत्रमागाच्या कारखान्यात माग दुरुस्त करायचं काम केलं होतं. ते सोडल्यावर घराच्या पुढच्या पडवीत गाड्यांना वूफर लावायचं काम सुरू केलं. पाटी नव्हती. तरी बहादरपूरपासून जैनाबादपर्यंत ज्याच्याकडे चारचाकी आली तो एकदा तरी त्यांच्या दारात गाडी उलटी लावून उभा राहिलेला असे. मी मराठी शाळेत गणित शिकवत होते आणि सहा वर्षं त्यांच्या माडीवर भाड्याने राहत होते. मला याद्या करायची सवय आहे. सकाळी डायरीत दिवसाची कामं लिहायची, झालं की पुढे खूण करायची, झोपायच्या आधी एकही काम खुणेशिवाय राहू द्यायचं नाही. स्वयंपाकघराच्या कपाटावर मी लाइट जाण्याचं वेळापत्रक चिकटवलेलं असे. भाऊ दर सोमवारी वर येत, चष्मा कपाळावर सरकवून ते वाचत आणि त्यावरून आपला आठवडा लावत. सोल्डरिंग लाइट असताना, ऐकणं लाइट नसताना.

"मागांची थरथर जमिनीतून येते, बाई," ते म्हणत. "टायरातून वर चढते. माग चालू असताना आवाज लावणं म्हणजे वाहत्या पाण्यात तोंड पाहणं."

बुऱ्हाणपुरात जन्मलेल्या माणसाला मागांचा आवाज ऐकू येत नाही. थांबला की कळतं, तो होता. मग एकदम चिमण्या ऐकू येतात, कुणाच्या घरातली फोडणी, पलीकडच्या गल्लीतला रिक्षाचा हॉर्न. सगळा मोहल्ला पंखे हलवत ओट्यावर येऊन विजेच्या खात्याला शिव्या घालत बसे. भाऊ एकटे खुशीत असत.

ते दिवस असे होते की गाड्या कंपनीतूनच टेप घेऊन यायला लागल्या होत्या. त्याआधी गाडी कोरी येई. बाजारात न्यायची, हवा तो टेप बसवून घ्यायचा. आता टेप डॅशबोर्डच्या आकारातच घडवलेला. काढला तर समोर भगदाड. आवाज ठीकठाक असे, पण खालचा जाड सूर नाही. ढोलकी वाजते आहे एवढं समजे, ती अंगाला लागत नसे. बाजारातले कारागीर यावर एकच उपाय करत, कैची. कंपनीच्या तारा कापायच्या आणि आपल्या जोडायच्या. भाऊंना ते पाहवत नसे. ते मागच्या स्पीकरच्या तारेवरून, ती न तोडता, आवाज उचलत. एका लहानशा डबीतून तो अ‍ॅम्पमध्ये नेत आणि तिथून सीटखाली किंवा डिकीत बसवलेल्या वूफरच्या पेटीत. बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज. अर्थिंगसाठी पत्र्याचा रंग घासून उघडी केलेली जागा. पेटी स्वतः बनवलेली.

"कंपनीनं दिलं ते घरचं माणूस," ते गिऱ्हाइकाला सांगत. "आपण लावतो तो पाहुणा. पाहुण्यानं घरच्याले खाटेवरून उठवायचं नाही."

एका वकिलाने गाडी विकायला काढली तेव्हा भाऊंनी अर्ध्या तासात सगळं सोडवून दिलं. गाडी शोरूममधून आली तशी. वकील वाकून वाकून पाहत होता की लावलं कुठे होतं. भाऊ म्हणाले, "पाहुणा गेला. चादर पण घडी करून गेला."

तारा बांधायला ते प्लास्टिकच्या पट्ट्या वापरत नसत. मेण लावलेला सुती धागा वापरत आणि त्याला विणकराची गाठ मारत. मागावर ताण्याचा धागा तुटला की जी गाठ मारतात ती. इतकी बारीक आणि चपटी की बोटाला लागत नाही आणि ओढली तर अजून घट्ट होते. त्यांनी हात लावलेली गाडी त्या गाठींवरून ओळखू येई. दुसऱ्याने केलेलं काम त्यांच्याकडे आलं तर ते तपासत, चूक सांगत, पण त्यावर आपली गाठ मारत नसत. "ज्याचं काम, त्याची गाठ," एवढंच बोलत.

गिऱ्हाइकांशी त्यांचं फार जमे असं नाही. बहादरपूरचे एक केळीवाले पाटील नवी गाडी घेऊन आले होते. सीटवर केळीच्या चिकाचे काळे डाग आठ दिवसांतच पडलेले.

"उस्ताद, असा बेस लावा का बसस्टँडपर्यंत गेला पायजे."

"बसस्टँडवर कोण ऐकणार हाये?"

"अहो लोकांले कळलं पायजे ना, पाटील आला!"

"मग बँडवाल्याले गाडीपुढं चालवा. माझं गाणं गाडीत बसलेल्याचं असते, रस्त्यावरच्याचं नाही."

"आमच्या पैशाचं, आमच्या गाडीचं, आणि ऐकायचं तुमच्या मनाचं?"

"तुमच्याच मनाचं. पण मन असते छातीत, बसस्टँडवर नाही."

पाटील रागावून गेले आणि तिसऱ्या दिवशी परत आले. भाऊंनी त्यांच्या सीटवर स्टीलची ताटली ठेवली, तिच्यात मूठभर ज्वारी टाकली आणि गाणं लावलं. दाणे हलले, नाचले, पण एकही ताटलीबाहेर पडला नाही. "हे एवढं," भाऊ म्हणाले. "दाणा बाहेर पडला तं आवाज जास्त झाला." पाटलांनी पुढच्या दोन्ही गाड्यांना तेवढंच लावून घेतलं.

गल्लीत भाऊंना घमेंडी समजत. मागून हाक मारली तर वळत नसत. काकू, म्हणजे भाऊंच्या पत्नी, त्यासुद्धा त्यांना हाक मारत नसत. सुताची रिकामी कांडी उचलून पाठीवर फेकत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, आपण भांडखोर घरात भाड्याने आलो. भाऊ वळत, काकू ओठ हलवत, आवाज काढत नसत, भाऊही तसेच ओठ हलवत आणि दोघं हसत. काकूही लग्नाआधी कांड्या भरायला कारखान्यात जात. मागांच्या गोंगाटात ओरडून उपयोग नसतो, म्हणून माणसं ओठांवरून बोलतात, हातांनी खुणा करतात. आमच्या गल्लीत निम्मी घरं अशीच बोलत. दोघं ओट्यावर समोरासमोर बसून तासन्‌तास अशा मुक्या गप्पा मारत. मी जिना उतरले की थांबत. एकदा मी सरळ विचारलं, "काकू, माझ्याबद्दल काय चाललंय?"

"काही नाही बाई. हे म्हणतेत, बाईच्या हातात यादी नसली तं बाई जिन्यावरून पडतील."

गाडीत मला बसवण्याची त्यांची पद्धत ठरलेली होती. आधी ते पुढे येऊन आतला आरसा हाताने वळवत. मागे जाऊन डिकी उघडत, तिथून आरशात पाहत, पुन्हा येऊन केसभर हलवत. चालवणाऱ्याला मागचं दिसावं म्हणून असेल, असं मला वाटे. उभ्या गाडीत त्याची काय गरज, हा प्रश्न गणिताच्या शिक्षिकेला सहा वर्षांत एकदाही पडला नाही. मग एक हात वूफरच्या पेटीवर सपाट ठेवून ते गाणं लावत. थोडं झालं की थांबवत, वूफरच्या दोन तारांची अदलाबदल करत आणि तोच तुकडा पुन्हा लावत.

"पहिला का दुसरा?"

यामागचं कारण त्यांनी मला समजावलं होतं. दारातले स्पीकर आणि मागचा वूफर यांनी एकाच वेळी पुढे ढकललं पाहिजे. तारा उलट्या लागल्या तर एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो, आणि दोन्ही मिळून एकमेकांना खाऊन टाकतात. बिघाड काहीच नसतो. पेटी तेवढीच थरथरते. फक्त चालवणाऱ्याच्या जागी बसलेल्याला आवाज पोकळ लागतो, मधला गाभा काढलेल्या केळीच्या खांबासारखा. तारांचे रंग दर कंपनीचे वेगळे, त्यामुळे डोळ्यांनी ओळखता येत नाही. दोन्ही तऱ्हांनी वाजवायचं आणि बसलेल्याला विचारायचं.

मला फरक चटकन कळे. मी "दुसरा" म्हणे किंवा "पहिला" म्हणे. ते मान हलवत आणि धागा काढून गाठ मारत. सहा वर्षांत किती गाड्यांत बसले असेन, मोजलेलं नाही. मी सगळं मोजते, पण हे दोन मिनिटांचं काम म्हणून कधी यादीत घेतलं नव्हतं.

भाऊंची एकुलती मुलगी ज्योती इंदूरला नोकरीला होती. तिने स्वतःच्या कमाईने छोटी लाल गाडी घेतली, तेव्हा गल्लीत दोन दिवस तोच विषय होता. मुलीची गाडी, आणि नवऱ्याच्या नव्हे, तिच्याच नावावर! भाऊ संध्याकाळी वर आले आणि म्हणाले, "बाई, एक यादी करायची हाये. तुमच्यासारखी."

ते सांगत गेले, मी लिहीत गेले. डिकीची लांबी किती, रुंदी किती, चाकाच्या उंचवट्यापाशी किती, मागची सीट पाडली तर किती, स्टेपनी कुठे आहे, बॅटरीपासून आत तार यायला रबरी बूच कुठे आहे. अकरा प्रश्न. ज्योतीने टेप लावून मापं भरून यादी परत पाठवली. पुढे वर्षभर, गिऱ्हाइकांच्या कामातून वेळ काढून, भाऊ त्या मापाची पेटी करत होते. एक बाजू चाकाच्या उंचवट्याला मिळती गोल. ती गोलाई त्यांनी तीनदा मोडून केली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मुलगी माहेरी येणार, तेव्हा बसवायची. तिला सांगायचं नव्हतं. मापं कशाला हवीत म्हणून तिने विचारलं, तर काकूंनी फोनवर सांगितलं, "तुझ्या बाबाले गाद्या शिवायचा नाद लागला." फोनवर नेहमी काकूच बोलत. भाऊ समोर बसून त्यांच्या ओठांकडे पाहत.

आखाजीच्या आदल्या दिवशी ज्योती आली. ती काकूंबरोबर बाजारात गेली, तेवढ्यात भाऊंनी गाडी पडवीत घेतली. लाइट दोन ते पाच जाणार होती.

त्या दिवशीचं माझ्या डायरीतलं पान अजून आहे. नऊ कामं लिहिलेली आहेत. शाळेचा निकाल दुसऱ्या दिवशी लागायचा होता, दोन वर्गांच्या बेरजा व्हायच्या होत्या आणि मुख्याध्यापकांना पाचच्या आत पत्रकं हवी होती. सहावं काम: भाऊंची गाडी, दोन मिनिटं.

मी खाली गेले तेव्हा गुणपत्रकं बरोबर घेऊनच गेले. भाऊंनी धुतलेला सदरा घातला होता. त्यांनी आरसा वळवला, मागे गेले, पुन्हा आले, पुन्हा वळवला. "दार लावा, बाई." मी दार लावलं. कागद मांडीवर होते आणि एका मुलीच्या बेरजेत चार गुण कुठे जात होते ते सापडत नव्हतं. गाणं लागलं. थांबलं. मागे खुडबुड झाली. पुन्हा लागलं. मी हिंदीच्या रकान्यापर्यंत पोचले होते.

"पहिला का दुसरा?"

"पहिला," मी म्हणाले.

"नक्की?"

"हो भाऊ, पहिला. मस्त आहे."

मी आरशात पाहून हसलेसुद्धा. त्यांनी मान हलवली. मी उतरले तेव्हा ते दातांत धागा धरून गाठ मारत होते. वर गेल्यावर मला ते चार गुण सापडले, आणि मी सहाव्या कामापुढे खूण केली.

संध्याकाळी ज्योतीला गाडीत बसवलं. ती मिनिटभर गाणं ऐकत बसली. मग उतरून मागे गेली आणि बापाच्या गळ्यात पडली. "बाबा, एकदम झक्कास!" भाऊ आखाजीचे दोन्ही दिवस गल्लीभर चालत होते. त्यांना कामाशिवाय चालताना मी पहिल्यांदा पाहिलं.

पुढच्या आखाजीला ज्योती परत आली. भाऊ आपलं काम तपासायला डिकीत वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग जिन्याखाली येऊन त्यांनी मला हाक मारली. लाइट होती, माग चालू होते, आणि तरी बोलावलं, म्हणून मी लगेच उतरले.

त्यांनी बोट दाखवलं. सगळ्या गाठी जागच्या जागी होत्या. फक्त वूफरच्या दोन तारांवर धागा नव्हता. तिथे काळी प्लास्टिकची पट्टी होती आणि तारांची अदलाबदल झालेली होती. इंदूरच्या कुणा कारागिराने चूक पाहून सुधारली होती. ज्योतीने घरी सांगितलं नव्हतं. तिला त्याच संध्याकाळी, पहिल्या मिनिटात, समजलं असणार.

"बाई," भाऊ म्हणाले, "तुम्ही पहिला म्हणाल्या होत्या."

मी मान हलवली.

"मले खरं सांगा. चुकीचा होता हे तुमाले कळलं होतं? गाठ मारली जाईल, बापाचा दिवस खराब कशाला करा, म्हणून माझं मन राखलं का?"

हो म्हणणं सोपं होतं. ते माझ्या ओठांकडे पाहत होते आणि मला खोटं बोलता येईना.

"नाही भाऊ. माझं लक्ष नव्हतं. मी बेरजा करत होते."

मागांच्या आवाजात त्यांना हे कसं ऐकू गेलं, हा विचार माझ्या मनात आला, आणि त्याच क्षणी बाकी सगळं एकदम समजलं. आरसा. पाठीवर पडणारी कांडी. फोन. पेटीवरचा सपाट हात.

"किती दिवस झाले, भाऊ?"

"पुरं गेलं त्याले तीन वर्षं. आधी पाखरं गेली. मग हिच्या बांगड्या गेल्या, मग कुकरची शिटी. वरचं वरचं गेलं. जाड आवाज तेवढा राह्यला होता, म्हणून तं मी वूफरच्या नादी लागलो. जे ऐकू येते ते तरी चांगलं करावं." त्यांनी तळहात उघडून पाहिला. "मग तोही कानातून गेला, हातात आला. हाताले पहिला आणि दुसरा सारखाच लागते, बाई. फरक तुमच्या तोंडावर दिसे. बरोबर लागलं का तुमच्या भुवया खाली येत."

त्या दिवशी माझ्या भुवया बेरजेसाठी खाली आल्या असतील.

मी म्हणाले, "भाऊ, माझं चुकलं. यापुढे नीट बसेन. कागद घेऊन येणार नाही."

"नाही. तुमाले कामं असतात," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते वाक्य अजून जात नाही. मग इकडेतिकडे पाहून म्हणाले, "हे ज्योतीले सांगू नका. तिले वाटू द्या, बापानं उलटं लावलं. बापाचं चुकलं तं पोरगी विसरते. तुमच्यावर ती राग धरील."

मी प्लास्टिकची पट्टी काढून त्यांची गाठ मारायला सुचवलं. त्यांनी डिकी बंद केली. "काम त्याचं हाये आता. ज्याचं काम, त्याची गाठ."

त्यानंतर त्यांनी एकही गाडी घेतली नाही. पाटील चौथी गाडी घेऊन आले तेव्हा म्हणाले, "नव्या गाड्यांत सगळं कंपनीच देते आता. माझी काय गरज?" पाटलांनी तासभर हुज्जत घातली, शेवटी मावा जलेबीचा पुडा ओट्यावर ठेवून गेले. सोमवारी भाऊ वेळापत्रक बघायला वर येईनासे झाले. मी ते चिकटवत राहिले. ज्योतीने कानाचं यंत्र आणून दिलं. भाऊंनी ते आठवडाभर घातलं आणि डबीत ठेवून दिलं. "सगळं ऐकू येते," ते काकूंना ओठांनी म्हणाले. "पण सगळं एकाच जागेवरून येते." लाइट गेली की ते इतरांसारखे ओट्यावर बसत. विजेच्या खात्याला शिव्या मात्र कधी घातल्या नाहीत.

काही महिन्यांनी माझी बदली झाली. सामानाच्या यादीत एकोणपन्नास वस्तू होत्या. एकही हरवली नाही. निघताना भाऊंनी रिक्षात ट्रंक चढवून दिली आणि तिला दोन्ही बाजूंनी धागा बांधून गाठ मारली. ती गाठ मी सोडवली नाही. कुलूप उघडण्यापुरता धागा वर सरकवते.

भाऊ गेल्याचं कळलं तेव्हा मी जाऊन भेटून आले. आता बऱ्याच गल्ल्यांत माग कमी झालेत, लाइटही क्वचितच जाते. काकू ओट्यावर बसल्या होत्या. त्यांच्या समोरची जागा रिकामी होती आणि त्या बोलत नव्हत्या, ओठांनीही नाही. पडवीत तीच लाल गाडी उभी होती, रंग उडालेली. ज्योतीने ती विकली नव्हती.

चहा झाल्यावर ज्योती म्हणाली, "बाई, दोन मिनिटं बसता?"

मी पिशवी काकूंजवळ ठेवली, डायरी तिच्यातच राहू दिली आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसले. दार लावलं. ज्योती मागे गेली. तिने आरसा वळवला नाही, त्यामुळे मला आरशात नुसतं पडवीचं छत दिसत होतं. गाणं लागलं.

पोकळ होतं. पहिल्या ठोक्यालाच कळलं. ढोलकी होती आणि नव्हती.

ज्योती पुढे येऊन खिडकीशी उभी राहिली. "समजलं ना? इंदूरच्या माणसाने सरळ केलं होतं. बाबा गेल्यावर मी परत उलटं केलं, त्यांनी लावलं होतं तसं. आईकडून गाठ मारून घेतली. चुकीचं तर चुकीचं. बाबांच्या हातचं आहे."

ती रडत नव्हती. तिचा हात खिडकीच्या काचेवर सपाट टेकला होता, बापासारखा. मी गप्प बसले असते तर तिचं जे होतं ते तसंच राहिलं असतं. भाऊंनी सांगितलंही तेच होतं. पण ज्या माणसाने आयुष्यभर एक तार चुकीची लावली नाही, त्याची आठवण म्हणून त्याच्या मुलीने माझी घाई जपून ठेवली होती.

"ज्योती," मी म्हणाले, "ते बाबांच्या हातचं नाही. त्यांनी दोन्ही वाजवून दाखवलं होतं. मला विचारलं होतं, पहिला का दुसरा. मी न ऐकताच सांगितलं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून गाठ मारली."

ती माझ्याकडे पाहत राहिली. काकूंनी ओट्यावरून पाहिलं. माझे ओठ त्यांनी वाचले असतील. त्या उठल्या, आत गेल्या आणि मेण लावलेल्या धाग्याचं रीळ घेऊन आल्या.

ज्योती मागे गेली. डिकीत वाकल्याचा आवाज आला, धागा कापल्याचा आवाज आला, तारा निघाल्याचा, पुन्हा लागल्याचा. मग ती पुढे आली आणि तिने आतला आरसा वळवला. मागे गेली, पाहिलं, परत आली, केसभर हलवला. आता आरशात तिचा चेहरा दिसत होता, आणि तिच्या शेजारी धागा हातात धरून उभ्या राहिलेल्या काकूंचा.

गाणं लागलं.

"पहिला का दुसरा?" तिने विचारलं.

मी लगेच उत्तर दिलं नाही. पूर्ण गाणं संपेपर्यंत बसले. दोघी थांबल्या.

"दुसरा," मी म्हणाले.

काकूंनी गाठ मारली.